इंग्रजीतील जोडक्रियापदे : सुटणारी आणि न सुटणारी

'टर्न' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ वळणे किंवा फिरवणे असा आहे, हे शाळकरी विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. परंतु विहिरीवरील पंपाच्या पेटीवर किंवा गॅसच्या शेगडीबरोबर आलेल्या माहितीपत्रकात हाच शब्द येतो, तेव्हा त्याच्यामागे 'ऑन' किंवा 'ऑफ' यांपैकी एक छोटा शब्द लागलेला असतो. यंत्र चालू करावयाचे की बंद करावयाचे, हे सर्वस्वी त्या छोट्या शब्दावर अवलंबून राहते. 'टर्न' हा मोठा शब्द दोन्ही सूचनांत तोच. आज्ञा आहे ती शेपटात.

इंग्रजीत अशी क्रियापदे शेकड्यांनी आहेत. साधेसोपे क्रियापद आणि त्याच्या जोडीला 'अप', 'डाउन', 'इन', 'आउट', 'ऑन', 'ऑफ', 'ओव्हर', 'आफ्टर' यांसारखे अव्यय, अशी त्यांची घडण असते. इंग्रजी व्याकरणात त्यांना 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण त्यांना सोयीसाठी 'जोडक्रियापदे' म्हणू. यांतील काहींचे दोन भाग एकमेकांपासून सुटतात व मध्ये कर्म येऊन बसते. काहींचे भाग सुटत नाहीत. हा भेद परीक्षेतील दोन-चार गुणांपुरताच आहे असा शिक्षकांचा व विद्यार्थ्यांचा समज दिसतो. वास्तविक कचेरीतील टिपणी, न्यायालयाचा आदेश, बँकेचे पत्र, औषधाच्या बाटलीवरील सूचना आणि कारखान्यातील कार्यपुस्तिका या सर्व ठिकाणी तो उपयोगी पडतो.

भोपाळचा दाखला

या संदर्भात भोपाळ शहराचा दाखला घेण्याजोगा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी झालेल्या या शहरात त्याच सुमारास मोठ्या उद्योगांचा पाया घातला गेला. १९५६ मध्येच स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने येथे उभा राहिला. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या भागांत त्याची वसाहत वसली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे तेथे नोकरीस आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. सहकार्य ब्रिटिश, म्हणून तांत्रिक व्यवहाराची भाषा इंग्रजी. पुढे १९६९ मध्ये युनियन कार्बाइड या अमेरिकन कंपनीच्या भारतीय शाखेचा कीटकनाशकांचा कारखाना शहराच्या उत्तर भागात सुरू झाला. 'सेव्हिन' नावाचे कीटकनाशक तेथे तयार होई, आणि त्यासाठी लागणारे मिथाइल आयसोसायनेट हे अतिविषारी रसायनही १९८० च्या सुमारास तेथेच बनू लागले.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री या कारखान्यातील टाकी क्रमांक ६१० मध्ये पाणी शिरून सुमारे ४० टन विषारी वायू शहरावर पसरला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि लाखो बाधित झाली. या दुर्घटनेचे कारण भाषा होते, असे कोणीही म्हणणार नाही. टाकी थंड राखणारी शीतकरण यंत्रणा कित्येक महिने आधीपासून बंद होती. निसटता वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता. खर्च कमी करण्याच्या नादात माणसे आणि देखभाल दोन्ही कमी झालेली होती. परंतु कारखान्यातील कार्यपुस्तिका इंग्रजीत होत्या आणि पुष्कळ कामगारांना ती भाषा जेमतेम येत होती, ही गोष्टही त्यानंतरच्या अनेक वृत्तांतांत नोंदली गेली आहे. ती मुख्य कारणांत बसत नाही म्हणून नजरेआड करावी, असे मात्र नाही.

कारखान्यात लावावयाच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये करण्यात आली होती. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्याच अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे नवे प्रकरण घालण्यात आले. धोक्यांची माहिती कामगारांना व परिसरातील जनतेला देणे कारखानदारावर बंधनकारक झाले. कायद्याने भिंतीवरची सूचना कामगाराच्या भाषेत आणली. यंत्राच्या अंगावर ओतीव अक्षरांत उमटलेली, परदेशी पुस्तिकेत छापलेली किंवा वरिष्ठ अभियंत्याच्या तोंडून घाईत निघालेली सूचना मात्र पुष्कळदा इंग्रजीतच राहते. आणि यंत्रांसंबंधीचे इंग्रजी जोडक्रियापदांनी भरलेले असते.

एक उदाहरण घेऊ. 'शट' म्हणजे बंद करणे. 'शट ऑफ' म्हणजे नळातून किंवा तारेतून येणारा प्रवाह तोडणे. 'शट डाउन' म्हणजे संपूर्ण संयंत्र रीतसर थांबवणे. 'शट आउट' म्हणजे बाहेर ठेवणे, आत येऊ न देणे. दुसरे उदाहरण 'ब्लो', म्हणजे फुंकणे किंवा वाहणे. 'ब्लो ऑफ' म्हणजे बॉयलरमधील कोंडलेली वाफ अथवा पाणी मुद्दाम बाहेर सोडणे. 'ब्लो आउट' म्हणजे फुंकर घालून ज्योत विझवणे. 'ब्लो अप' म्हणजे स्फोट होणे किंवा घडवून आणणे. बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसाला या तिघांतील फरक कळणे किती अगत्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

मराठी वाचकाची अडचण

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. 'शंकरने तो पंप…' एवढे ऐकून कोणी मराठी माणूस उठत नाही. पंप चालू केला, बंद केला, विकला की विहिरीत पाडला, हे कळण्यासाठी तो वाक्य संपेपर्यंत थांबतो. ही सवय आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेली असते. इंग्रजी वाक्यात क्रियापद लवकर येते आणि आज्ञेत तर ते पहिलाच शब्द असते. त्यामुळे क्रियापद दिसले की मराठी वाचकाला वाटते, मुख्य काम झाले. पुढे उरले ते केवळ कर्म. म्हणून 'टर्न द पंप नियर द स्कूल ऑफ' यातील शेवटचा 'ऑफ' त्याच्या हातून निसटतो. मराठीतील थांबण्याची सवय इंग्रजी वाचतानाही सोडू नये, एवढे पथ्य पाळले तरी निम्मी अडचण दूर होते.

ही अडचण एकट्या मराठी माणसाची नाही. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदामागे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परकीयांना सर्वांत कठीण जाते, अशा आशयाचे लिहून ठेवले आहे. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र त्यामानाने अलीकडचे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ मधील पुस्तकात ते आले, आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवले असे त्यांनीच नमूद केले आहे.

तरीही मराठी वाचकाने ही रीत अगदीच परकी मानू नये. एकाच संस्कृत धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार असे परस्परांपासून दूरचे अर्थ केवळ उपसर्गाने निघतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. हे उपसर्ग आज धातूला घट्ट चिकटलेले दिसतात. परंतु वेदांच्या भाषेत ते सुटे होते. उपसर्ग एकीकडे, क्रियापद दुसरीकडे, आणि मध्ये दोन-चार अन्य पदे, अशी रचना तेथे आढळते. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात याची नोंद केली आहे: उपसर्ग धातूच्या आधी येतात, वेदात मात्र ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये अंतर ठेवूनही येतात. म्हणजे सुटणारे आणि न सुटणारे हा प्रश्न आपल्या व्याकरणकारांपुढे अडीच हजार वर्षांच्या आसपास जुना आहे.

मराठीतही 'देऊन टाकणे', 'करून बसणे', 'विसरून जाणे' अशी संयुक्त क्रियापदे आहेत. 'टाकणे' म्हणजे फेकणे आणि 'बसणे' म्हणजे आसनस्थ होणे एवढेच ठाऊक असलेला परकीय 'तो नको ते करून बसला' या वाक्यापुढे हतबुद्ध होईल. मात्र या जोडीच्या मध्ये आपण फार तर 'च', 'ही', 'तर' अशी अव्यये येऊ देतो. 'देऊनच टाकले' म्हणतो. 'देऊन पैसे टाकले' म्हटले, तर ऐकणारा भलताच अर्थ घेईल. इंग्रजीचा निराळेपणा येथे आहे. ती भाषा काही जोडक्रियापदांच्या मध्ये अख्खे कर्म येऊ देते.

सुटणारी जोडक्रियापदे

'टर्न ऑफ द पंप' आणि 'टर्न द पंप ऑफ' या दोन्ही रचना शुद्ध आहेत आणि दोहोंचा अर्थ एकच आहे. परंतु 'पंप' या नामाऐवजी 'इट' हे सर्वनाम घातले की ही मोकळीक संपते. मग 'टर्न इट ऑफ' एवढेच शुद्ध. 'टर्न ऑफ इट' असे कोणी इंग्रज म्हणणार नाही. 'हिम', 'हर', 'देम', 'मी', 'अस' या सर्व सर्वनामांना हाच नियम लागू आहे.

असे का, हे समजले तर नियम पाठ करावा लागत नाही. इंग्रजी वाक्याच्या शेवटी सामान्यतः नवी किंवा जोर देण्याजोगी गोष्ट येते. 'इट' म्हणजे आधीच ठाऊक असलेली वस्तू. तिच्यावर जोर नसतो, म्हणून ती मध्ये दडते आणि शेवटची मानाची जागा 'ऑफ'ला मिळते. याच कारणाने कर्म लांबलचक असेल, तर ते शेवटी जाते. 'टर्न ऑफ द पंप दॅट इज बिहाइंड द ओल्ड स्कूल' हे वाक्य सुटसुटीत आहे. त्यातील 'ऑफ' शेवटी नेला, तर वाक्य अगदीच अशुद्ध ठरत नसले तरी वाचणाऱ्याची दमछाक होते. सूचनाफलक लिहिणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. जेथे जिवाशी गाठ आहे, तेथे 'ऑफ' किंवा 'डाउन' क्रियापदाला खेटूनच लिहावा.

'स्विच ऑन', 'शट डाउन', 'फिल इन', 'कॅरी आउट', 'कॉल ऑफ', 'पुट ऑफ', 'हँड ओव्हर', 'टर्न डाउन', 'राईट ऑफ', 'सेट असाइड', 'थ्रो अवे' ही सर्व याच वर्गातील होत.

न सुटणारी

'लुक आफ्टर द चाइल्ड' म्हणजे मुलाची देखभाल करा. येथे 'लुक द चाइल्ड आफ्टर' असे म्हणता येत नाही. सर्वनाम घातले तरी ते शेवटीच राहते: 'लुक आफ्टर हिम'. 'लुक इंटू' म्हणजे चौकशी करणे, 'कॉल फॉर' म्हणजे मागवणे, 'डील विथ' म्हणजे हाताळणे, 'कम अक्रॉस' म्हणजे सहज आढळणे. ही सारी याच प्रकारची आहेत.

या भेदाचे मूळ मराठी व्याकरणाच्या परिभाषेत फार नेमके सांगता येते. पहिल्या प्रकारातील अव्यय हे क्रियाविशेषण अव्यय आहे. त्याचे नाते क्रियापदाशी असते. दुसऱ्या प्रकारातील अव्यय हे शब्दयोगी अव्यय आहे. त्याचे नाते नामाशी असते. 'मुलाकडे लक्ष दिले' या वाक्यातील 'कडे' उचलून वाक्याच्या शेवटी नेता येईल काय? येणार नाही, कारण ते 'मुला'ला चिकटलेले आहे. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे न लागता पुढे येते, इतकाच फरक. चिकटणे दोन्हीकडे सारखेच.

दोन कसोट्या शिक्षकांना उपयोगी पडतील. पहिली कसोटी परिणामाची. पंप बंद केल्यावर 'द पंप इज ऑफ' असे म्हणता येते, म्हणून 'ऑफ' सुटणारा. मुलाची देखभाल केल्यावर 'द चाइल्ड इज आफ्टर' म्हटले तर अर्थ लागत नाही, म्हणून 'आफ्टर' न सुटणारा. ही कसोटी शब्दशः अर्थाच्या क्रियापदांना चालते, लाक्षणिक अर्थाच्या सगळ्यांना चालत नाही. शब्दकोशात शब्द पाहणे या अर्थाचे 'लुक अप' सुटणारे आहे, पण पाहून झाल्यावर शब्द काही 'अप' होत नाही. दुसरी कसोटी कानाची, आणि ती अधिक भरवशाची. सुटणाऱ्या प्रकारात अव्ययावर आघात पडतो. 'टर्न इट ऑफ' म्हणताना 'ऑफ' ठसठशीत ऐकू येतो. न सुटणाऱ्या प्रकारात बहुधा क्रियापदावर आघात पडतो आणि अव्यय हलके उच्चारले जाते. वर्गात ही वाक्ये मोठ्याने म्हणून घेतली, तर मुलांचा कान हा भेद लवकर पकडतो.

तेच शब्द, निराळी वागणूक

काही जोड्या दोन्ही वर्गांत मोडतात आणि वर्ग बदलला की अर्थ बदलतो. 'टर्न ऑन द लाइट' म्हणजे दिवा लावा. येथे 'टर्न इट ऑन' म्हणावे लागते. परंतु 'द डॉग टर्न्ड ऑन हिम' म्हणजे कुत्रा त्याच्यावर उलटला. येथे 'हिम' शेवटीच राहतो. 'लुक द पेपर्स ओव्हर' म्हणजे कागदांवरून नजर फिरवा, आणि 'लुक ओव्हर द वॉल' म्हणजे भिंतीपलीकडे पाहा. सर्वांत लक्षात राहण्याजोगी जोडी 'सी' आणि 'थ्रू' यांची आहे. 'वुई सॉ थ्रू हिम' म्हणजे त्याचे ढोंग आम्ही ओळखले. 'वुई सॉ हिम थ्रू' म्हणजे अडचणीच्या काळात आम्ही त्याला अखेरपर्यंत साथ दिली. शब्द तेच, संख्या तीच. 'हिम' एक घर सरकला आणि लबाड ठरलेला माणूस आपला झाला. शिफारसपत्र लिहिणाऱ्याने हा फरक जपून सांभाळावा.

तीन शब्दांची जोडक्रियापदेही आहेत: 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, 'डू अवे विथ' म्हणजे रद्द करणे किंवा मोडीत काढणे, 'रन आउट ऑव्ह' म्हणजे जवळचा साठा संपणे. ही सुटत नाहीत, कारण त्यांतील शेवटचा शब्द शब्दयोगी असतो. 'लुक फॉरवर्ड टु' हे त्याच कुळातील. त्यातील 'टु' शब्दयोगी असल्यामुळे पुढे नाम किंवा 'इंग' प्रत्यय लागलेले रूप यावे लागते. 'वुई लुक फॉरवर्ड टु रिसीव्हिंग युअर रिप्लाय' हे शुद्ध. 'टु रिसीव्ह' हे अशुद्ध. सरकारी पत्रव्यवहारात हे अशुद्ध रूप इतके रुळले आहे की शुद्ध रूप दिसले तर टंकलेखनाची चूक वाटावी.

ज्या जोडक्रियापदांना कर्मच नसते, तेथे सुटण्याचा प्रश्न उद्भवत नाही. 'द पंप ब्रोक डाउन', पंप नादुरुस्त झाला. एवढ्यावर विषय संपतो.

कचेरी, न्यायालय, बँक

आपल्या कचेऱ्यांत 'पुट अप' हा शब्द मराठी वाक्यातही सर्रास वावरतो. फाईल 'पुट अप' करणे म्हणजे ती वरिष्ठांपुढे निर्णयासाठी सादर करणे. 'पुट इट अप' असे सुटणारे रूप त्याला चालते. त्याला 'विथ' लागला की काय होते ते वर आलेच आहे. कारकुनाने साहेबांपुढे फाईल 'पुट अप' करावी. साहेबांशी 'पुट अप विथ' करण्याचा प्रसंग त्याच्यावर येऊ नये.

'कॉल फॉर' आणि 'कॉल ऑफ' यांत फार अंतर आहे. खुलासा किंवा अभिलेख 'कॉल फॉर' करतात, म्हणजे मागवतात, आणि हे रूप सुटत नाही. संप किंवा सभा 'कॉल ऑफ' करतात, म्हणजे मागे घेतात किंवा रद्द करतात, आणि हे रूप सुटते. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. सभा 'कॉल्ड ऑफ' झाली असे कळवले, तर गावकऱ्यांनी घरी राहावे. 'पुट ऑफ' झाली असे कळवले, तर पुढील तारीख विचारावी.

अर्ज भरण्याला भारतात 'फिल अप', ब्रिटनमध्ये 'फिल इन' आणि अमेरिकेत 'फिल आउट' म्हणण्याची पद्धत आहे. तिन्ही सुटणारी. उलट 'कोप अप विथ' हे आपल्याकडे सुशिक्षितांच्याही तोंडी असलेले रूप इंग्रजीत मान्य नाही. 'कोप विथ' एवढेच पुरे.

दोन शब्द गावकऱ्यांनी विशेष ओळखून ठेवावेत असे आहेत. पहिला 'सेट असाइड'. शब्दशः अर्थ बाजूला ठेवणे. अंदाजपत्रकात एखादी रक्कम 'सेट असाइड' केली, तर ती त्या कामासाठी राखून ठेवली असा अर्थ होतो. परंतु वरच्या न्यायालयाने खालचा आदेश 'सेट असाइड' केला, तर तो आदेश रद्द झाला. आपल्या बाजूने लागलेला निकाल 'बाजूला काढून ठेवला' म्हणजे जपून ठेवला, अशा समजुतीत राहणाऱ्याची पुढील अपिलाची मुदत टळून जाऊ शकते.

दुसरा 'राईट ऑफ'. बँकेने कर्ज 'राईट ऑफ' केले अशी बातमी आली की कर्ज माफ झाले, असा अर्थ गावोगाव लावला जातो. तो बरोबर नाही. वसूल होण्याची आशा मावळलेले कर्ज बँक आपल्या ताळेबंदातून काढून टाकते, याला 'राईट ऑफ' म्हणतात. हा बँकेच्या हिशेबाचा भाग झाला. कर्जदाराची देणेदारी तशीच राहते आणि वसुलीची कारवाई पुढे चालू शकते. कर्जमाफीला इंग्रजीत 'वेव्हर' असा स्वतंत्र शब्द आहे. 'ऑफ' या शब्दाने सुटका सुचते खरी, पण येथे सुटका होते ती हिशेबवहीची.

बाटलीवरील सूचना

कीटकनाशकांच्या वेष्टनावर 'कीप आउट ऑव्ह द रीच ऑव्ह चिल्ड्रन' अशी सूचना असते. हे शुद्ध अर्थाने जोडक्रियापद नसले तरी त्याचा विचार येथेच करणे सोयीचे आहे. 'कीप' म्हणजे ठेवा. काय ठेवा ते लिहिलेले नसते, कारण बाटली हेच कर्म, आणि ते वाचणाऱ्याच्या हातात असते. 'आउट ऑव्ह' म्हणजे बाहेर. मुलांचा हात पोहोचेल त्या टप्प्याच्या बाहेर ठेवा, असा पूर्ण अर्थ झाला. यातील 'आउट ऑव्ह' गाळून कोणी नुसते 'कीप', 'रीच' आणि 'चिल्ड्रन' एवढे ओळखीचे शब्द जुळवले, तर हाती उलट सूचना येते. 'ऑव्ह' हा एक एफ असलेला शब्द आणि 'ऑफ' हा दोन एफ असलेला. देवनागरीत दोन्ही 'ऑफ' असे लिहिण्याची आपली सवय या ठिकाणी घात करते, म्हणून लेखात ते वेगळे लिहिले आहेत.

इंग्रजी न येणाऱ्यासाठी १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी एक चांगली सोय केली. वेष्टनावर एक तिरका चौकोन छापलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा रंग म्हणजे निर्धोक असे मात्र कोणी समजू नये. मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना लाल, पिवळ्या आणि निळ्या वर्गांना तर नियमानेच लागू केलेली आहे.

शिक्षकांसाठी

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. भोपाळच्या श्यामला हिल्स भागात १९६० च्या दशकात सुरू झालेल्या क्षेत्रीय शिक्षण संस्थेच्या कार्यक्षेत्रात मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा ही राज्येही येतात. तेव्हा भोपाळ हे नाव आपल्या शिक्षकांना प्रशिक्षणाच्या निमित्तानेही परिचयाचे आहे.

जोडक्रियापदांच्या वर्णानुक्रमे केलेल्या याद्या पाठ करून घेण्याची पद्धत वर्गांत रूढ आहे. डाव्या बाजूस 'गिव्ह अप', उजव्या बाजूस 'सोडून देणे'. अशा यादीतून अर्थ मिळतो, पण क्रियापद सुटते की नाही हे कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक जोडक्रियापद 'इट' किंवा 'हिम' घालूनच शिकवावे. 'गिव्ह इट अप', 'टर्न इट ऑफ', 'फिल इट इन', 'सेट इट असाइड'. आणि दुसरीकडे 'लुक आफ्टर इट', 'लुक इंटू इट', 'कॉल फॉर इट', 'पुट अप विथ इट'. सर्वनाम ज्या जागी बसले, ती जागाच वर्ग सांगते. निराळा नियम सांगावा लागत नाही. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी कोशात सुटणाऱ्या क्रियापदांच्या मध्ये दुतोंडी बाण छापलेला आढळतो. शाळेत हा कोश असेल तर मुलांना तो बाण ओळखावयास शिकवावे. कोश नसेल तर विजेचे बटण, पाण्याचा नळ आणि दाराची कडी ही साधने प्रत्येक वर्गात असतातच.

अभ्यास

पुढील वाक्यांतील कर्माच्या जागी योग्य सर्वनाम घालून वाक्य पुन्हा लिहा.

१. द तलाठी फिल्ड इन द फॉर्म.
२. द कमिटी लुक्ड इंटू द कम्प्लेंट.
३. द ऑपरेटर शट डाउन द बॉयलर.
४. द बँक रोट ऑफ द लोन.
५. शी कम्स अक्रॉस सच केसेस एव्हरी डे.
६. द डॉग टर्न्ड ऑन द पोस्टमन.
७. टर्न ऑन द टॅप.
८. द व्हिलेजर्स डिड अवे विथ द कस्टम.

उत्तरे : १. द तलाठी फिल्ड इट इन. २. द कमिटी लुक्ड इंटू इट. ३. द ऑपरेटर शट इट डाउन. ४. द बँक रोट इट ऑफ. ५. शी कम्स अक्रॉस देम एव्हरी डे. ६. द डॉग टर्न्ड ऑन हिम. ७. टर्न इट ऑन. ८. द व्हिलेजर्स डिड अवे विथ इट.

सहाव्या व सातव्या वाक्यांची उत्तरे विद्यार्थ्यांकडून एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून घ्यावीत. सहाव्यात आघात 'टर्न्ड'वर आणि सातव्यात 'ऑन'वर आला पाहिजे.